बारा फुटांचा दावा

वकिलाकडे पहिल्यांदा आलेला माणूस आधी वकिलाला भेटत नाही, कारकुनाला भेटतो. बेळगावच्या खडेबाजारात एका कापड दुकानाच्या माडीवर आमच्या साहेबांचं ऑफिस होतं. जिना चढून आलं की पहिलं टेबल माझं. त्या टेबलाला मी एकतीस वर्षं बसलो. आत साहेब कायदा बघायचे, बाहेर मी माणूस बघायचो. पिशवीतले कागद तो सरळ काढतो की आधी खाली बघतो, बरोबर भाऊ आणलाय की मेहुणा, यावरून दावा किती खरा आणि किती रागाचा हे मला कळायचं. साहेबांना तोंडानं फी मागता येत नसे. ते काम माझं होतं आणि मला ते आवडायचं. शिक्षण दहावी आणि टायपिंगची परीक्षा, पाठीशी कुणी नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. बेळगुंदीचा एक जण दर तारखेला रताळ्याचं अर्धं पोतं घेऊन जिना चढायचा. फी दिली, आता हे कशाला, असं विचारलं तर म्हणायचा, "अण्णा, फी साहेबांची. रताळी तुमची. तारीख जवळची घ्या." तारीख कोर्ट देतं, मी देत नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. रताळी मात्र आम्ही खाल्ली. निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी आला, त्यानं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "जिंकलं तर किती, हरलं तर किती? दोन दर सांगा." मी म्हटलं, "डॉक्टरकडं गेल्यावर असंच विचारता काय?" तो म्हणाला, "विचारतो की. तो बी सांगत न्हाय." त्याची फी ठरवायला मला तीन चहा लागले.

अशा लोकांना मी एकच गोष्ट सांगायचो. वकीलपत्र म्हणजे आपलं तोंड दुसऱ्याला दिल्याचा कागद. तोंड दिलंत तर पोटातलंही द्या. समोरच्याला माहीत असलेली आणि आपल्या वकिलाला माहीत नसलेली एक गोष्ट असली, तर ती ऐन वेळी उभी राहते. हे मी इतक्यांदा सांगितलं की साहेब आतून हसायचे, "झालं याचं कीर्तन सुरू."

आता जे लिहिणार आहे ते माझ्याच दाव्याचं आहे.

मी कंग्राळीचा. कारकुनीच्या कमाईतून गावाच्या कडेला वीस गुंठे जमीन घेतली. वडिलोपार्जित काहीच नव्हतं, ती माझी पहिली आणि शेवटची जमीन. पावसाळ्यात भात, मग मसूर नाहीतर वाटाणा. या जमिनीला रस्ता नव्हता. शेजारच्या यल्लाप्पाच्या रानाच्या कडेनं एक गाडीवाट यायची, तीच माझी वाट. ज्याच्याकडून मी जमीन घेतली त्याच्या बापाच्या गाड्याही तिथूनच जात. ती वाट गेली तर भाताचं पोतं डोक्यावरून बांधाबांधानं आणायचं, आणि ट्रॅक्टर आत नाही म्हटल्यावर ती जमीन कुणी फुकटसुद्धा घेणार नाही.

यल्लाप्पाचं आणि त्याच्या भावाचं वाटणीवरून बिनसलं, तेव्हा मीच त्याला साहेबांकडे नेलं. फी मीच ठरवली. वाटणीच्या दाव्याला जमिनीचा हातनकाशा जोडावा लागतो. चारी बाजूंना कोण, झाडं किती, विहीर कुठे, वाट कुठून, हे सगळं त्यात दाखवायचं. आमच्या ऑफिसातले असे नकाशे मीच काढायचो. माझं अक्षर चांगलं होतं आणि जमिनी पायांनी फिरून बघायची मला सवय होती. साहेब खाली सही करायचे. माझा नकाशा त्यांनी कधी तपासला नाही.

यल्लाप्पाच्या नकाशात मी वाट काढायला पेन्सिल टेकवली, तसा तो म्हणाला, "अण्णा, ती नको रं दाखवू."

"का?"

"वाट कुणाच्या हिश्श्यात जायाची यावर भाऊ आनखी दोन वर्सं काढंल. तो वाटंला बी वाटून मागंल. तुला कोन अडवतंय? मी हाय की."

मी विचार केला. खरंच होतं. तो भाऊ एका फणसाच्या झाडावरून चार बैठका भांडला होता. वाट दाखवली तर दावा लांबणार, आणि यल्लाप्पा रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसणार. मी वाट काढली नाही. नकाशाच्या कोपऱ्यात 'तयार करणार' म्हणून माझी सही केली. साहेबांनी खाली केली. दुसऱ्याच्या व्यवहारात मी भाऊ-भाऊ असले तरी लिहून घ्यायला लावायचो. माझ्या स्वतःच्या जमिनीला मात्र यल्लाप्पाचा शब्द पुरला.

आणि त्यानं तो पाळलाही. जिवंत होता तोवर माझी गाडी कुणी अडवली नाही.

यल्लाप्पा गेला. त्याचा मुलगा प्रशांत बेळगावात नोकरीला. गाव शहराला चिकटत आलं तशी त्यानं त्या रानात प्लॉट पाडायची तयारी केली. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एके सकाळी रानात गेलो तर वाटेवर सिमेंटचे खांब आणि तार. मी तिथूनच प्रशांतला फोन केला. काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. तो म्हणाला, "काका, नकाशात वाट न्हाय. कोर्टातला नकाशा हाय माज्याकडं." मी फोन बंद केला.

सरळ खडेबाजार गाठलं. माझ्या टेबलावर आता दुसरा कारकून होता. मी न विचारता आत गेलो.

साहेब म्हणाले, "मारुती, प्रशांत परवाच येऊन गेला. वडिलांचं काम इथंच झालं, म्हणून वकीलपत्र देऊन गेला. तुझं घेता येत नाही."

"एकतीस वर्षं काढली साहेब तुमच्याकडं."

"माहीत आहे."

"मग त्याचं सोडा. कुणाचंच घेऊ नका."

साहेब चष्मा काढून म्हणाले, "त्या नकाशात वाट का नव्हती रे?"

मी म्हटलं, "कुठल्या नकाशात?" आणि जिना उतरलो.

त्या दिवसापासून साहेबांवर माझा राग आहे. गावात, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत मी शंभर जणांना सांगितलं असेल की ज्याच्यासाठी मी आयुष्य घातलं त्यानं मला दारात उभं केलं नाही. नकाशाचं मी कुणालाच सांगितलं नाही.

वकील लावायचा होता. बेळगावातले बहुतेक सगळे मला ओळखतात, त्यामुळे कुणाकडेही गेलो तरी चार दिवसांत खडेबाजारात कळणार. शेवटी सुजाता मॅडमकडे गेलो. निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या जैन शेतकरी घरातली मुलगी, वडिलांची तंबाखूची शेती. कन्नड आणि मराठी दोन्ही सारखंच. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून संध्याकाळी ऑफिसातच डबा उघडायची आणि समोरच्या पक्षकारालाही भाकरी द्यायची. कारकून ठेवलेला नव्हता. म्हणजे फीचं बोलणं सरळ तिच्याशीच.

तिनं आकडा सांगितला. मी हसलो. तिनं विचारलं, "का हसला काका?"

"हा आकडा मी दुसऱ्याला सांगत होतो."

"मग तुम्हीच सांगा."

मी निम्म्याहून खाली सांगितला. पाऊण तास गेला. शेवटी निम्म्यावर आलं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "फी तुमच्या मनासारखी झाली. आता माझी एक अट. मला सगळं सांगायचं."

"मॅडम, हे मी लोकांना शिकवलंय."

"बरं. वाट किती फुटांची होती?"

"बारा."

वाट नऊ फुटांची होती. एक गाडी आणि कडेनं चालणारा माणूस, एवढी. पण बारा मागितली तर नऊ मिळते, नऊ मागितली तर सहावर येते, हा माझा धंद्याचा हिशेब. तिनं बारा लिहिलं. नकाशाबद्दल मी एवढंच सांगितलं की त्यांच्याकडे एक जुना नकाशा आहे, त्यात वाट राहून गेली आहे.

दीड महिन्यानं तिचा फोन आला. "काका, ऑफिसला या." गेलो तर टेबलावर जुन्या दाव्याची नक्कल. माझ्याच धंद्यातली गोष्ट मी विसरलो होतो. वकील कामाचा असला तर तो समोरच्याच्या कागदाची नक्कल मागवणारच.

तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही सही कुणाची?"

मी सही बघितली. इतकी वळणदार सही आता मला जमत नाही.

"माझी."

"मग राहून गेली म्हणजे काय? पेनातली शाई संपली व्हय?"

मी तापलो. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे. "तुम्हाला फी कशाची दिली? माझी बाजू मांडायची. मला आरोपी करायची नाही. द्या माझे कागद, दुसरा वकील बघतो."

वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची नाहरकत लागते. बहुतेक वकील ती द्यायला महिना लावतात, हेही मला पाठ होतं. तिनं लेटरहेड काढलं, चार ओळी लिहिल्या, सही केली आणि फाईलवर ठेवली.

"घ्या. पण एक सांगते, काका. दुसऱ्या वकिलाला पण तुम्ही वाट नकाशात राहून गेली असंच सांगणार. तुमचे साहेब उलटतपासाला उभे राहतील. तो नकाशा त्यांच्या सहीनं गेलाय. ते विचारणारच."

मी फाईल घेतली आणि अर्धा जिना उतरलो. एकतीस वर्षांत साहेबांनी माझा एकही नकाशा तपासला नव्हता, हे त्या जिन्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. त्याआधी ते मला कौतुकाचं वाटायचं. सही त्यांची होती. प्रशांतच्या हातात तो नकाशा बघून ते काय समजले असतील? एक तर मारुतीनं चूक केली, नाहीतर मारुतीनं खोटं केलं. विचारलं तर मी म्हटलं, कुठला नकाशा.

मी परत वर गेलो. नाहरकतीचा कागद फाडला. मॅडम म्हणाली, "बसा. आता पहिल्यापासून."

मी सांगितलं. यल्लाप्पा, त्याचा भाऊ, फणस, 'मी हाय की', सगळं. फक्त बारा फुटांचं सांगितलं नाही. तेवढं राहू दिलं.

आता साक्ष तोंडी होत नाही, आधी शपथपत्र लिहून द्यावं लागतं, मग समोरचा वकील उलटतपास घेतो. मॅडम म्हणाली, "त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगायचं. सातव्या परिच्छेदात." आणि तिनं लिहिलं: जुन्या दाव्यातला हातनकाशा मी तयार केला, वाट प्रत्यक्षात होती, यल्लाप्पांच्या सांगण्यावरून मी ती दाखवली नाही, ही गोष्ट मी वकीलसाहेबांना कळू दिली नाही. लोकांची शेकडो शपथपत्रं मी लिहून त्यांच्यासमोर सरकवली होती, 'कर सही, काही होत नाही' म्हणत. माझं समोर आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. मग म्हटलं, "मॅडम, यातलं शेवटचं वाक्य काढलं तर?"

"काढते. साहेबांनी खोटा नकाशा घातला असा अर्थ निघेल. चालेल?"

सही केली.

उलटतपासाच्या दिवशी साहेब काठी घेऊन आले होते. माझ्याकडे बघितलं नाही. न्यायाधीश दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, म्हणून सगळं कन्नडमध्ये चाललं. साहेबांचं कन्नड फार गोड आहे. मी त्यांच्याकडूनच शिकलो.

"माझ्याकडे किती वर्षं होता?"

"एकतीस."

"नकाशे किती काढलेत?"

"मोजले नाहीत."

"त्यातले खोटे किती?"

मॅडम उठायला लागली, मग बसली.

"एक. हाच."

"त्यावर माझी सही घेताना मला सांगितलं होतं?"

"नाही, साहेब."

कोर्टात प्रश्न विचारणाऱ्याला साहेब म्हणत नाहीत. न्यायाधीशांनी वर बघितलं. साहेबांनी कागद खाली ठेवला. आणखी तासभर प्रश्न विचारता आले असते. आधी खोटं लिहिणारा आता खरं बोलतो कशावरून, हा तर समोरच पडलेला होता. आज ना उद्या तो त्यांना विचारावा लागणार होता, पक्षकाराची बाजू होती. ते म्हणाले, "पुढचे प्रश्न पुढच्या तारखेला," आणि बसले.

बाहेर व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभा होतो. प्रशांत आला. फोनवर भांडल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

"काका, आप्पा असं म्हणालेलं व्हय? 'मी हाय की' म्हणून?"

"व्हय."

"मला कधी बोललं न्हाईत."

"तुझा चुलता दावा लांबवंल म्हणून भीती होती त्याला. नंतर बोलायचं राहिलं असंल."

तो म्हणाला, "तुमी तरी घरी येऊन सांगायचं. तुमी फोनवर माज्या आईपातूर गेला. मला वाटलं, म्हातारा वकिलाकडला हाय, वाट लाटायला बघतोय."

घरी जाऊन सांगायचं तर नकाशा खोटा काढला हे सांगावं लागलं असतं. ते टाळायला मी दावा घातला, साहेबांना सोडलं, वकील केली आणि शेवटी तेच भर कोर्टात सांगितलं.

पुढची तारीख झाली नाही. प्रशांतनं आपणहून साहेबांना सांगितलं की मिटवायचं आहे. तडजोडीचा मसुदा साहेबांनी सांगितला आणि मॅडमनं लिहिला. मी बाहेरच्या बाकावर. वाटेची रुंदी कोरी ठेवली होती. मोजणीदार येऊन जागेवर दाखवेल तेवढी. साहेब जाताना माझ्यासमोर थांबले. मला वाटलं काही बोलतील. ते मॅडमला म्हणाले, "हातनकाशा नको. सरकारी मोजणीच जोडा," आणि गेले. माझा राग त्यांच्यावर अजून आहे, तो गेला असं मी लिहिणार नाही. त्यांना माझं वकीलपत्र घेता येत नव्हतं हे आता मला पटतं, तरी आहे. दिवाळीला मी त्यांच्याकडे जात नाही. ते मुलाच्या हाती फराळ पाठवतात. मी डबा रिकामा करून, धुऊन परत देतो.

मोजणीच्या दिवशी रानात मोजणीदार, त्याचा माणूस, मॅडम, प्रशांत आणि मी. तार काढलेली होती. खांब तसेच. दोन वर्षं गवत माजलेलं, त्यामुळे जुन्या चाकोऱ्या कुठे दिसत नव्हत्या. बांधही प्लॉटसाठी सपाट केलेला. मोजणीदारानं साखळी धरली आणि विचारलं, "वाट किती धरू?"

प्रशांत माझ्याकडे बघून म्हणाला, "मला ठाऊक न्हाय. ल्हानपणी बघितलीया. काका सांगतील तेवढी धरा."

आयुष्यात इतका सोपा सौदा माझ्यापुढे कधी आला नाही. समोरचा दर सांगत नाही, घासाघीस करत नाही, आणि खरं सांगायला दुसरं कुणी तिथं नाही. दाव्यात बारा लिहिलेलं होतं. प्रत्येक प्लॉटवाल्याला बारा फुटांचा रस्ता म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या वीस गुंठ्यांचा भाव तिथल्या तिथे दीडपट झाला असता.

मी खांबापासून बांधाच्या जागेपर्यंत चालत गेलो. वळलो. बैल कुठे चालायचे आणि यल्लाप्पा त्यांच्या कडेनं कुठे चालायचा ते पायाला आठवत होतं.

"नऊ," मी म्हटलं.

मॅडमनं फाईल उघडली. "काका, दाव्यात बारा आहे."

"दाव्यात आहे," मी म्हटलं. "वाट नऊचीच होती."

मला वाटलं, आता ती फी ठरवतानाच्या अटीवरून बोलणार. तिनं पेन काढून मसुद्यातल्या कोऱ्या जागेत नऊ लिहिलं, आणि मोजणीदाराच्या माणसानं खुंटी ठोकली.